माशाच्या वर्षी जन्मलेली दोघं

बुर्माकान आपांचं वय एका दुपारीत चोवीस वर्षांनी कमी झालं. पण तसं काही झालंच नाही, असं समजून पुढे वाचा. सरकारी कागदावर त्याची नोंद नाही, आणि आमच्या जिल्ह्यात जे कागदावर नाही ते झालेलं नसतं.

तर काहीही झालेलं नसताना, त्या गुरुवारी सकाळी सादत एजे (आमच्याकडे थोरल्या बाईला एजे म्हणतात, आजीच्या वयाच्या बाईला आपा) मला म्हणाल्या, "गाडी काढ. एक बाई एकशे बत्तीस वर्षांची झालीये."

"कधी?"

"काल संध्याकाळी. फोनवर."

काराकोल शहराच्या बाजारामागे, बूट दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर आमची दोन टेबलांची कचेरी आहे. लोकांच्या फोनवर जगभरचं जे काही फिरतं, ते खरं की खोटं हे आम्ही तपासतो. म्हणजे तपासतात सादत एजे. मी संकेतस्थळाची पानं लावतो आणि गाडी चालवतो. त्या आठवड्यात मंगळ चंद्राएवढा दिसणार होता (एरवी तो दर ऑगस्टात दिसणार असतो, यंदा ऑक्टोबर उजाडला), झोपताना मोज्यात कांदा ठेवल्याने एका देशातली साथ आटोक्यात आली होती आणि पृथ्वीवर माणसांपेक्षा मेंढ्या जास्त झाल्या होत्या. शेवटच्या बातमीवर एजेंनी शेरा मारला होता : "जगापुरती खोटी. आमच्या जिल्ह्यापुरती खरी."

एजे तीस वर्षं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत होत्या. वर्तमानपत्र बंद पडलं, तपासणं राहिलं. त्यांचा नियम एकच : दोन साक्षीदार, आणि त्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नको. आमच्या खोऱ्यात नातं नसलेली दोन माणसं शोधणं हेच निम्मं काम. असं म्हणतात, की त्यांच्या नवऱ्याने लग्नाचं विचारलं तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही म्हणता ठीक आहे, आणखी कोण म्हणतंय?" टेबलावर त्यांचे दोन रबरी शिक्के असतात, हिरवा 'खरं' आणि लाल 'खोटं'. सगळं काम संगणकावर चालतं, तरी त्या प्रत्येक बातमी कागदावर छापतात आणि शिक्का मारतात. लाल शिक्क्याची शाई दर महिन्याला संपते. हिरव्याची अजून पहिलीच आहे.

चोन-बुलाक गावाच्या वेशीवर नवा कोरा फलक उभा होता : "जगातील सर्वांत वृद्ध स्त्रीच्या गावात स्वागत. जन्म १८९२." रंग ओला होता. फलकाखाली गावचे मुखिया एसेन आमची वाट बघत होते आणि त्यांच्या बाहीला निळा डाग होता.

"एजे, आलात! चहा घ्या, आपांना बघा, फोटो काढा. फक्त सोमवारपर्यंत काही लिहू नका."

"सोमवारी काय आहे?"

"विक्रमांची नोंद करणारा परदेशी माणूस येतोय. दुभाषा घेऊन. मेजवानीला आम्ही घोडी कापतोय."

"१८९२ कुठून आलं?"

"आपा माशाच्या वर्षातल्या आहेत. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे वर्षं प्राण्यांची असतात. उंदीर, बैल, वाघ अशी बारा. बारा झाली की पुन्हा उंदीर. म्हाताऱ्या माणसाला जन्मसाल विचारलं तर तो प्राणी सांगतो. प्राणी कधीच चुकत नाही. चुकतं ते हे, की तो प्राणी कितव्यांदा आला होता.

"माशाचं वर्ष १९०४ सालीही होतं," एजे म्हणाल्या. "१९१६ सालीही. १९२८ सालीही. यंदाही आहे. आपा यंदाच्या नाहीत एवढं मला दिसतंय."

"माझ्या पुतण्याने फोनवर टाकलं," एसेन जरा हळू आवाजात म्हणाले. "त्याने मोजताना सगळ्यात लांबचा मासा धरला. आता पोर्तुगालमधल्या लोकांनी पण पुढे पाठवलंय. पोर्तुगालला काय सांगू मी?"

आपा खिडकीशी गाद्यांच्या थरावर बसल्या होत्या. इतक्या लहान दिसत होत्या, की पहिल्या नजरेत मला गाद्याच दिसल्या. शेजारी एक पांढऱ्या केसांची बाई चहा ओतत होती.

"कुनसुलू, एवढा भरतात का वाडगा?" आपा तिच्यावर डाफरल्या. "पाहुण्यांना लवकर घालवायचंय का? अर्धाच भर. पोरीला काही म्हणून वळण नाही."

पोरीचं वय त्र्याऐंशी होतं. तिने मुकाट्याने अर्धा चहा परत किटलीत ओतला.

एजेंनी पासपोर्ट मागितला (आमच्याकडे ओळखपत्राला तेच म्हणतात). त्यावर जन्मसाल १९२८.

"हे कोणी लिहिलं, आपा?"

"सत्तर-बहात्तर साली कारकून आला होता सगळ्या सरकारी शेतावर पासपोर्ट वाटत. पोरगेलासाच. म्हणाला, कुठलं साल? मी म्हटलं, माशाचं. त्याने बोटं मोजली आणि लिहून टाकलं. मला काय वाचता येतंय! पेन्शनच्या वेळी कळलं, मी अजून तरुण आहे म्हणून. आणखी बारा वर्षं गायी पिळल्या."

"तक्रार नाही केलीत?"

"दरवर्षी करायची. कारकून म्हणायचा, आपा, बायका वय कमी करून घ्यायला पैसे मोजतात, तुम्हाला फुकट मिळालंय."

एसेन हसले. आपाही हसल्या, पण त्यांनी एजेंचं मनगट धरलं ते सोडलं नाही.

"तू खरं-खोटं बघतेस ना? मग ऐक. ह्याच्या फलकाचं मला काही नाही. पण तो फलक रंगवणारा आहे ना, तोच आपल्या गावात थडग्याचे दगड कोरतो. आत्ताच विचारून गेला, आपा, तुमच्यावर पण हेच साल घालू ना? पासपोर्टवरचं नको मला. फलकावरचं नको. माझं घाल."

"तुमचं कुठलं?"

"पळापळीचं. झारच्या शिपायांना भिऊन सगळा मुलूख डोंगर ओलांडून चीनला पळाला ना, तेव्हाचं. आईने मला बेदेलच्या खिंडीत जन्म दिला."

म्हणजे १९१६. एजेंनी वही उघडली. मला त्यांचा चेहरा ओळखीचा आहे. मंगळाच्या बातमीलाही तो असाच होतो. "हे तुम्हाला आईने सांगितलं. आईचं आणि तुमचं नातं आहे. मला नात्याबाहेरचं काहीतरी लागेल. तुमच्या आयुष्यातलं असं काही आठवतं का, जे सगळ्या जगाने बघितलं?"

आपांनी विचार केला. "सूर्य विझला ते चालेल?"

एजेंनी वहीचं कोरं पान काढलं.

"लढाई नुकतीच लागली होती. नवरा गेला होता. सकाळचं दूध काढून झालं होतं आणि गायी कुरणाकडे निघाल्या होत्या. मला कळा सुरू झाल्या, तिसरं मूल. गोठ्यातच आडवी झाले. आणि बाहेर अंधारायला लागलं. ढग नाही, धूर नाही. गायी निम्म्या वाटेतून परत आल्या. कोंबड्या माळ्यावर चढल्या. तारे दिसले गं, सकाळी! सासू म्हणाली, सूर्य गेला, आता पोर कशाला आणतेस? म्हटलं, माझ्या हातात आहे का ते! पोर रडलं आणि उजेड आला. म्हणून हिचं नाव कुनसुलू. सूर्यासारखी देखणी. पुढे दिसायला निघाली अशी, ते सोड."

"आई!" त्र्याऐंशी वर्षांची पोर म्हणाली.

"तुझा जन्मदाखला आहे?" एजेंनी तिला विचारलं. आवाज जरासा बदलला होता.

कुनसुलूने पेटीतून घडी घातलेला कागद काढला. जांभळ्या शाईत लिहिलं होतं : २१ सप्टेंबर १९४१. एजेंनी फोनवर ग्रहणांची जुनी यादी उघडली. चोन-बुलाकमध्ये फोन फक्त खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात चालतो, म्हणून त्या गाद्यांवर आपांच्या शेजारी गुडघ्यांवर उभ्या राहिल्या आणि हात वर करून वाचू लागल्या. बराच वेळ. मग त्यांनी फोन मला दाखवला. खग्रास सूर्यग्रहण. २१ सप्टेंबर १९४१. सावलीचा पट्टा नकाशावर आमच्या सरोवराच्या पूर्वेकडून गेला होता. सकाळी.

"एक कागद," एजे हळूच म्हणाल्या, "आणि एक सूर्य." त्यांनी चष्मा काढला. "ह्यांचं काही नातं नाही."

मी सहा वर्षं त्यांच्याबरोबर काम करतोय. त्यांनी चष्मा काढलेला कधी पाहिला नव्हता. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला त्या दिवशी कळलं. खाली एक बाई बाळंत होत होती आणि तिच्या छपरावरून चंद्राची सावली चालत गेली होती. गोठ्यातल्या बाईला यादी ठाऊक नव्हती, यादी करणाऱ्याला गोठा. आणि दोघांचं जुळलं होतं, दिवसावर दिवस.

एसेन खाकरले. "म्हणजे १८९२ होऊ शकतं. एकोणपन्नासाव्या वर्षी पण बायका..."

"धाकटा मुलगा कधीचा?" एजेंनी चष्मा लावला.

"१९५४," कुनसुलू म्हणाली. "शाळेच्या रजिस्टरात आहे."

"मग १८९२ धरलं तर बासष्टाव्या वर्षी मूल. १९०४ धरलं तर पन्नासाव्या, तेही कठीणच. आणि पासपोर्ट धरला तर आपांनी तेराव्या वर्षी तिसरं मूल जन्माला घातलंय, आणि पन्नास वर्षांत एकाही कचेरीला ते खटकलं नाही." एजेंनी वहीत तीन मासे खोडले. "एकच उरला."

"एकशे आठ," मी म्हणालो.

"एकशे आठ चांगलेच आहेत हो!" एसेन कळवळून म्हणाले. "पण विक्रम नाही ना. घोडीचं काय करू?"

"मला चालेल घोडी," आपा म्हणाल्या.

आम्ही उठलो. आपांनी मनगट सोडलंच नाही.

"थांब. निम्मंच सांगितलंय." त्यांनी एसेनकडे बघितलं, ते अंगणात गेले. "आम्ही दोघं होतो. जुळी. तो आधी आला, मी मागून. आई म्हणायची, तो दुपारपर्यंत होता. जमीन बर्फाने दगड झालेली, खणता येईना. आजोबांच्या टोपीत गुंडाळून दगडांखाली ठेवला. मागून बंदुका. नाव ठेवायलाही थांबता आलं नाही." त्यांनी एजेंचं मनगट दुसऱ्या हातात घेतलं. "कागदावर मी अठ्ठावीस सालची झाले, तेव्हापासून तो जन्मलेलाच नाही. फलकावर ब्याण्णव सालची झाले तरी तेच. मी पळापळीच्या वर्षी जन्मले तरच तो जन्मला. म्हणून म्हणते, माझं साल घाल."

एजेंनी वही उघडली, मिटली, परत उघडली. मला ठाऊक होतं त्या काय शोधताहेत. दुसरा साक्षीदार. खिंडीत तेव्हा जी माणसं होती त्यांतली कोणी उरलेली नाही. आता एकच होती, आणि तिचं वय त्या वेळी अर्धा दिवस.

"आपा," त्या म्हणाल्या, "हे मला तपासता येणार नाही."

"तुला तपासायला कोण सांगतंय? लिहायला सांगतेय."

परतीच्या वाटेवर एजेंनी वही मांडीवर उघडीच ठेवली होती. सरोवर डावीकडे होतं, निळं, स्वतःच्याच नादात. वही मिटून त्या म्हणाल्या, "मंगळ खोटा, कांदा खोटा, मेंढ्या निम्म्या खोट्या. इतकी वर्षं मला वाटायचं, जगात खरं असं थोडंच शिल्लक आहे. ते दिसलं तर एवढं मोठं असेल, हे कोणी सांगितलं नव्हतं बघ."

"दोन साक्षीदार नव्हते ना, म्हणून," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. माझ्या विनोदांना त्या तशाही हसत नाहीत.

कचेरीत येऊन त्यांनी एकशे बत्तीस वर्षांच्या बातमीवर लाल शिक्का मारला. मग हिरवा काढला, त्याची शाई सुकलेली होती. त्यात थुंकी लावली, हातात धरला आणि खाली ठेवला. कागदच नव्हता मारायला. तेव्हा त्यांनी कोरा कागद घेतला आणि हाताने लिहायला बसल्या. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेली बाई, एकही खाडाखोड नाही. खाली आपांचा अंगठा घ्यायला आम्ही सोमवारी पुन्हा गेलो. घोडी कापली होतीच. परदेशी माणसाने दोनदा वाढून घेतली. अर्ज असा :

माननीय प्रमुख, नागरी नोंदणी कार्यालय, यांस.

विषय : एक जन्मवर्ष दुरुस्त करणे आणि एक जन्म नव्याने नोंदवणे.

महोदय, १. बुर्माकान यांचं जन्मसाल १९२८ ऐवजी १९१६ करावं; जन्मस्थळ बेदेल खिंड, चढाच्या बाजूला. पुरावे सोबत : एक जन्मदाखला, एक शाळेचा उतारा, एक सूर्यग्रहण. २. त्याच जागी, त्याच दिवशी, थोडं आधी जन्मलेल्या मुलाची नोंद घ्यावी. नाव : ठेवायचं राहिलं. मुक्काम : दुपारपर्यंत. पुरावा : एक साक्षीदार. दुसरा साक्षीदार हा मुलगा स्वतःच असल्याने हजर राहू शकत नाही. त्याची अनुपस्थिती माफ करावी. ३. हा मुलगा अर्जदाराचा थोरला भाऊ लागतो. धाकटीचं नाव थोरल्याच्या आधी येणं आमच्यात बरं दिसत नाही. सबब १९१६ सालच्या रजिस्टरात त्याची ओळ वर घ्यावी, आणि तिथे जागा नसल्यास खालच्या सर्व नोंदी एकेक ओळ खाली सरकवाव्यात, ही नम्र विनंती.