पार्टिशनमागचा वास

कुसुम पहिल्यांदा खोकली तेव्हा सुधाने लक्षही दिलं नव्हतं. गणपतीचे दिवस होते, घरात उदबत्त्यांचा धूर कोंडलेला, कुणालाही ठसका लागला असता. पण गणपती गेले आणि सुरतेत प्लेगचं नाव निघालं. त्यानंतर घरात खोकल्याचा आवाज झाला की सुधाचा हात कणकेत तसाच थांबायला लागला.

सुधा आणि विजय सुरतेच्या उधन्यात तळमजल्यावर भाड्याने राहत. तो विम्याच्या ऑफिसात, ती मराठी शाळेत, मुलगी केतकी लहान. कुसुम विजयची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती त्यांच्याकडे आली, तेव्हा तिला आपली अशी जागा हवी म्हणून विजयने हॉलचा एक कोपरा पार्टिशन घालून वेगळा केला होता. एका ऑफिसच्या कामातून उरलेले बोर्ड त्याला मिळाले होते. आत प्लॅस्टर, दोन्ही अंगांना जाड पुठ्ठा. ते चौकटीच्या दोन्ही बाजूंना ठोकले, मध्ये पोकळी राहिली. रंग दिल्यावर अगदी भिंतच वाटायची. कुसुमची कॉट तिलाच टेकलेली होती.

त्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरलं. गुडघाभर पाणी ओसरायला दोन दिवस लागले. सुधाने फरशी फिनाईलने घासली, गाद्या गच्चीवर वाळवल्या. पार्टिशन मात्र खालून फुगलं होतं आणि त्यावर तपकिरी डाग चढले होते. गणपती तोंडावर आलेले. विजयने घाईघाईने ऑइल पेंटचे दोन हात मारले. डाग झाकले गेले, ओल आतच राहिली.

प्लेगची बातमी आली तशी गल्ली रिकामी व्हायला लागली. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. मेडिकलवाल्याकडे कॅप्सूल संपल्या होत्या. विजय म्हणाला, "आपण सगळेच गावी, नंदुरबारला जाऊ."

"आणि गाडीत वन्सं खोकल्या तर?" सुधा हळूच म्हणाली. "लोक मध्येच उतरवतील. तुम्ही केतकीला पोचवून या. मी थांबते."

पार्टिशनच्या पलीकडे कॉट करकरली. कुसुमने ऐकलं होतं. त्या दुपारपासून ती आपलं ताट आपणच घासून वेगळं ठेवायला लागली, आणि सुधाने तिला अडवलं नाही.

विजय मुलीला घेऊन गेला आणि घरात दोघीच उरल्या. मग तो वास आला. आधी कोंदट, ओल्या गोणपाटासारखा, नंतर उग्र.

"सुधा, ह्या भिंतीत काहीतरी मेलंय गं," कुसुम म्हणाली.

काय मेलं असेल ते दोघींनाही ठाऊक होतं. उंदराचं नाव कुणीच काढलं नाही. सुधाने कॉट हॉलच्या मधोमध ओढली, खिडक्या उघडल्या, धूप जाळला. कुसुमचा खोकला आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी वरच्या चंचलबेन पिशव्या घेऊन खाली उतरल्या. नाकाला पदर लावून त्या पायरीवरच थबकल्या आणि खोकला कुणाला झालाय ते विचारू लागल्या.

"सुधाबेन, कोने उधरस थई छे?"

"मने," सुधा पटकन म्हणाली. "धूळनी छे."

चंचलबेन पलीकडच्या भिंतीला घासत निघून गेल्या. सुधाने दार लावलं आणि कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. यांनी कुणाला सांगितलं तर? गाडी येईल, पांढरे मास्कवाले उतरतील, वन्संना उचलून नेतील. आणि नाही नेलं तर? मग या घरात, या बंद दाराआड, दोघींचं काय होईल?

आत कुसुमला खोकल्याची उबळ आली. ती गुडघ्यांत डोकं घालून धापा टाकत होती. सुधाने तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"वन्सं, कुठे गाठ वगैरे..."

"बघितलं मी. रोज बघते. नाहीये."

"तरी दवाखान्यात जाऊ या."

कुसुमने तिचा हात घट्ट धरला. "नको गं. तिथे नेलेलं माणूस परत येत नाही म्हणतात. मला इथेच राहू दे. तू जा हवं तर."

सुधाने हात सोडवून घेतला. हातोडी आणली, तोंडाला ओढणी बांधली, कुसुमला स्वयंपाकघरात बसवलं आणि पार्टिशनच्या खालच्या कडेला हातोडीचं खिळे उपटायचं टोक घातलं. बोर्ड तुटला नाही, भिजलेल्या खारी बिस्किटासारखा ढासळला. पुठ्ठ्याची साल लांबच्या लांब सोलून आली. मागच्या अंधारात तिने हात घातला आणि बोटांना काहीतरी मऊ, केसाळ लागलं.

ती किंचाळून मागे पडली.

"काय आहे? सुधा, काय आहे?"

हात अंगापासून लांब धरून सुधा बसून राहिली. मग बॅटरी आणून तिने दुरून उजेड टाकला. उंदीर नव्हता. बोर्डाच्या मागच्या अंगाला खालपासून कमरेपर्यंत बुरशी चढली होती. काळी, हिरवट, मध्ये राखाडी लव आलेली. काही ठिकाणी ती कातड्यासारखी जाड झाली होती. इतके दिवस कुसुम तिच्याकडे उशी करून झोपत होती.

सुधाला हायसं वाटलं, पण क्षणभरच. उडालेली भुकटी ओढणीतून आत गेली आणि तिलाही खोकला सुटला. थांबेचना.

"आता चलाच," ती म्हणाली. "दोघी जाऊ. दोघी परत येऊ."

दवाखान्याच्या रांगेत सुधा खोकली तेव्हा पुढची माणसं बाजूला झाली, मागची मागे सरकली. त्या दोघींभोवती मोकळी जागा पडली. कुसुमने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

दोघींच्या छातीचे फोटो काढले, थुंकी तपासायला नेली, आणि एका खोलीत बसवून ठेवलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस तापाने बडबडत होता. दाराशी पोलीस. दर वेळी दार उघडलं की सुधाला वाटे, आता आपलं नाव घेतील आणि आत नेतील.

शेवटी एक थकलेला डॉक्टर आला. "ताप नाही, फोटो स्वच्छ आहेत. प्लेग नाही हा. घरात ओल आहे का?"

सुधाने सांगितलं. तो वैतागला. "कोरडीच फोडली? पाणी मारून, दारं उघडी ठेवून काढायची. बुरशीची धूळ छातीत जाते. यांना तिथे झोपू देऊ नका. खोकला जायला वेळ लागेल."

कुसुम खुर्चीतच रडायला लागली. सुधाने तिला रडू दिलं.

विजय परत आल्यावर त्याने आणि सुधाने पाणी शिंपडून उरलेले बोर्ड काढले आणि शेजारची विटांची भिंत ब्लिचिंग पावडरने धुतली. फुगलेल्या पट्ट्या पोत्यात भरताना विजय म्हणाला, "रंग मारण्याआधी मी बघायला हवं होतं." सुधाने पोत्याचं तोंड बांधलं.

कुसुमचा खोकला दिवाळीपर्यंत हळूहळू गेला. गल्ली पुन्हा भरली, शाळा सुरू झाली. केतकीला मात्र सुधाने लगेच आणवलं नाही. सकाळी शाळेत जाण्याआधी ती त्या कोपऱ्यात वाकून भिंतीला नाक लावायची, मग दुसऱ्या भिंतीला, मग कपाटामागे. काहीच वास यायचा नाही. तरी विजय मुलीला आणायची गोष्ट काढायचा, तेव्हा ती म्हणायची, "अजून थोडे दिवस राहू दे तिला तिकडे."