हन्नाबाईंच्या नानकटाईचा नफा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या पोटात काही राहत नाही. जे पाहिलं, ते आज सांगून टाकते.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते केडगाव स्टेशनच्या रस्त्यावरचं गिदोनमामांचं किराणा दुकान. त्यांच्या पत्नी हन्नाबाई मागच्या पडवीत कोळशाच्या शेगडीवर नानकटाई भाजायच्या आणि निवली की माझ्यात एकावर एक रचायच्या. वस्तीवरच्या कुशाबाई बाजाराला आल्या की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "वैनी, मऊ बघून द्या. आमच्या म्हाताऱ्याला दात न्हाईत." नाताळात हन्नाबाईंच्या फराळाची ताटं शेजारच्या धनगर घरांत जायची, तेव्हा मी तळापर्यंत रिकामी व्हायचे. ते रिकामपण मला आवडायचं, कारण दुसऱ्या दिवशी पडवीतून पुन्हा तुपाचा वास यायचा.

मग वेफर्सच्या पाकिटांच्या लडी आल्या. दाराशी लोंबणारी ती रंगीत पाकिटं पाहून मला हसूच आलं. निम्मी तर हवाच होती. पण शाळेची पोरं त्यांच्याकडे धावायला लागली आणि माझं हसू आटलं. पुढे हन्नाबाई आजारी पडल्या आणि त्या दुखण्यातच गेल्या. मला वरच्या फळीवर ठेवलं गेलं. पोटात अर्धवट जळालेल्या मेणबत्त्या आणि बुटांच्या नाड्या. मला हन्नाबाईंच्या हातांची फार आठवण यायची, आणि अजून येते.

मामांची मुलगी जेसिका पुण्यात नोकरी करते. पाकिटबंद खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांपैकी कुणाला किती नफा होतो, याची ती तुलना करते. शेअर घेणारे लोक ती वाचून पैसे कुठे लावायचे ते ठरवतात. मध्यंतरी मामांनी जमिनीचा एक तुकडा विकला. ते पैसे चांगल्या कंपनीत लावावेत, दुकान बंद करावं आणि पप्पांनी आपल्याकडे राहायला यावं, असं जेसिकाच्या मनात होतं. मामांना मात्र दुकान सोडवत नव्हतं. एका रविवारी उपासना आटोपून दोघं गल्ल्याशी बसली.

"लाल पाकिटवाल्यांचे शेअर घे," मामा म्हणाले. "सांजच्याला त्यांची एक लड उरत न्हाई."

"पप्पा, खपतं लई, पर त्यांना उरत न्हाई. शंभराच्या विक्रीत त्यांना चार रुपये सुटतात. निळ्यांना चौदा."

"निळं तर कुणी मागत बी न्हाई."

"आपल्या दुकानात न्हाई मागत. त्यांचा जाहिरातीवर खर्च कमी हाय. तेल स्वस्त व्हतं तवाच घेऊन ठेवलं व्हतं. आन् किंमत तीच ठेवून पाकिटातला माल कमी केला."

मामांनी लडीतलं एक निळं पाकीट बोटांनी दाबून पाहिलं. मग त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

"आपल्या नानकटाईचं काढ की. शंभरात किती उरत व्हते?"

जेसिकाने मैदा, साखर, तूप, कोळसा सगळं विचारलं. मामांना जुने भाव तोंडपाठ होते. तिनं आकडे मांडले आणि हसून म्हणाली, "एकतीस, पप्पा. दोघांनाबी मागं टाकलं."

मामांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "मंग दुकान कशाला बंद करायचं? वस्तीवरच्या नकुशीला शिकवू. ती भाजंल."

"नकुशीला पगार द्यावा लागंल."

"देऊ की."

जेसिकाने तो पगार मांडला. मग हळूच म्हणाली, "मंग काय उरत न्हाई, पप्पा. उलट पदरचे घालावे लागतात. एकतीस दिसले ते मम्मीचा पगार धरला नव्हता म्हणून."

मामांनी मागच्या पडवीकडे पाहिलं. "पहाटच्या गाडीच्या आधी उठायची ती," ते म्हणाले. "मी म्हणायचो, माझं दुकान बरं चाललंय."

जेसिकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "निळ्यात टाक. पर कागदावर माझ्यासंगं तुझं नाव लाव. मम्मीचा वाटा तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

दुकान बंद झालं. मला मेणबत्त्या काढून, घासूनपुसून मामांबरोबर पुण्याला आणलं. आता मी जेसिकाच्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आहे. कधीतरी मामा माझं झाकण उघडतात, आत वास घेतात आणि पुन्हा लावतात. आत काहीच नसतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. काच आहे, आज ना उद्या फुटेन. तुमच्या घरात एखादी बरणी भरलेली दिसली, तर ती कुणी भरली ते विचारा. आणि ते माणूस समोर आहे तोवर विचारा.