दिव्याची ऊब

घर फार गारठलंय, असं सासूबाई महिनाभर म्हणत होत्या. "वय झालं की थंडी वाजतेच," मी दर वेळी फटकन बोलायचे. शेवटी त्यांची कटकट थांबावी म्हणून एसीच्या मेकॅनिकला बोलावलं आणि आल्या आल्या त्यालाच फैलावर घेतलं.

त्याने भिंतीवरच्या, घरभरच्या एसीचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटकडे बोट दाखवलं. त्याच्या खालीच मी महिन्यापूर्वी हौसेने आणलेला दिवा जळत होता.

"वहिनी, दिव्याची ऊब याला लागते. याला वाटतं, अख्खं घर तापलंय. मग हा सगळ्या खोल्यांत गार हवा सोडत बसतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवा विझवला, पण मान वर होईना.

दारात स्वेटरवर शाल गुंडाळून उभ्या असलेल्या सासूबाईंनी हळूच विचारलं, तेही मला नाही, त्याला, "म्हणजे माझं वय झालंय म्हणून नव्हतं ना?"