तोंडओळख

झुलालनानांनी काठी आडवी केली तेव्हा साक्षीचे सहाशे मीटर झाले होते आणि घड्याळात दोन मिनिटं पाच सेकंद. काठी पोटात बसू नये म्हणून तिने अंग चोरलं, पाय चुन्याच्या फक्कीच्या रेघेवरून घसरला आणि ती गुडघ्यावर आली.

"तोंड बांध!" नाना ओरडले. "तोंड बांध आधी, मग पळ!"

त्यांचा स्वतःचा मास्क हनुवटीखाली लोंबत होता. ओरडायचं म्हटलं की तो खाली घ्यावाच लागे, आणि नानांना सकाळी सकाळी बरंच ओरडायचं असे.

साक्षी उठली. गुडघ्याला खडे चिकटले होते, ते तिने झाडले नाहीत. आधी घड्याळ बंद केलं. दोन मिनिटं पाच. उरलेल्या दोनशेला चाळीस-बेचाळीस सेकंद लागले असते. पोलीस भरतीला मुलींना आठशे मीटर पळायचे असतात, आणि दोन-पन्नासच्या आत आलं तर पूर्ण मार्क. तीन महिने ती दोन-छप्पनवर अडकली होती. आज जमणार होतं. अगदी आजच जमणार होतं.

"नाना, पळताना नाही लावता येत," मनगटावरचा मास्क सोडवून तोंडाला लावत ती म्हणाली. "जवळपास कोणी नव्हतं. थांबले की लावते मी."

"हातावर बांधायला दिला का तो? राखी शे का ती?"

"नाना, मेहरूण तलाव केवढा, ट्रॅक केवढा. सकाळचे पावणेसहा वाजलेत. मी कोणाच्या तोंडाशी गेले सांगा ना."

"माले शिकाडू नको!" नाना रागावले की निवृत्त हेडक्लार्कची मराठी सोडून गावाकडच्या बोलीवर येत. "तुम्हीच पसरवून राहिल्या बठ्ठं गावभर."

हे मात्र तिला झोंबलं. मास्कची महती तिला नानांनी सांगायची गरज नव्हती. तिची आई, लिलाबाई, कोविड वॉर्डात सफाईला होती. बारा-बारा तास मास्क लावून आईच्या कानांमागे जखमा झाल्या होत्या, आणि रोज घरी आल्यावर साक्षीच तिथे खोबरेल लावून द्यायची. घरात आई वेगळी जेवायची, वेगळी झोपायची. बाजारात, रिक्षात, दुकानात साक्षीच्या तोंडावरचा मास्क कधी हलला नव्हता. मास्क लावून पळून पाहिलं नव्हतं असंही नाही. पंधरा दिवस पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला तो घामाने चिंब होऊन नाकपुड्यांना चिकटायचा, ओल्या फडक्यातून श्वास ओढावा तसं व्हायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. एकदा ती तशीच कडुनिंबाखाली बसून ओकली होती. मग तिने उपाय काढला. गर्दी यायच्या आत यायचं, एकटीनं पळायचं, पळताना मास्क मनगटावर आणि थांबल्याबरोबर तोंडावर. यात कोणाचं काय बिघडत होतं?

"चुकलं, नाना," ती म्हणाली. चुकलं नव्हतं. पण वाद घालून गुडघा बरा होणार नव्हता.

"चुकलं म्हणून भागत नाही. दंड भरून तुम्ही लोक सुधारत नाहीत. आज गुन्हाच नोंदवायला लावतो. कलम एकशे अठ्ठ्याऐंशी, सरकारी हुकूम मोडला म्हणून! थांब इथंच." आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या प्रभात मंडळाचे अध्यक्ष झुलालनाना काठी टेकत फाटकाकडे निघाले. फाटकावर बंदोबस्ताचे पोलीस असत.

थांब इथंच म्हणे. जाणार कुठे? तिची सायकल फाटकालाच लावलेली होती.

एकशे अठ्ठ्याऐंशी हा आकडा भरतीच्या पोरापोरींना त्या वर्षी पाढ्यासारखा पाठ झाला होता. धुळ्याचा एक मुलगा लेखीत पास, मैदानीत पास, आणि चारित्र्य पडताळणीत लॉकडाऊनमधला हाच गुन्हा निघून अडकला, असं सगळे सांगत. खरं किती, खोटं किती, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या मुलाचं नाव निघालं की सगळे आपापला मास्क चाचपायचे. तीन वर्षांचं पळणं, केळीच्या ट्रकवर दोन-दोन रात्री जागून वडिलांनी आणून दिलेले बूट, सगळं एका ओळीच्या गुन्ह्यावर जाणार. चोरी नाही, मारामारी नाही. गुन्हा काय, तर श्वास घेतला.

तिने मान फिरवली आणि समोर तो बोर्ड दिसला.

ट्रॅकच्या तोंडाशीच 'मास्कशिवाय प्रवेश नाही' हे नवं कोरं फ्लेक्स लावलेलं होतं. ते जुन्या लोखंडी बोर्डाच्या दोन खांबांनाच सुतळीने बांधलं होतं, आणि वाऱ्याने ते उडालं की मागे जुना बोर्ड तसाच दिसत होता. रंग उडाला होता, तरी अक्षरं नीट वाचता येत होती. 'मुलींनी तोंडाला स्कार्फ बांधून ट्रॅकवर येऊ नये. हुकुमावरून, प्रभात मंडळ.'

हा हुकूम नानांचाच. तीन वर्षांपूर्वी साक्षी पहिल्यांदा इथे आली ती डोळे तेवढे उघडे ठेवून. जळगावच्या एप्रिलात पोरगी स्कार्फ न बांधता बाहेर पडली तर लोक तिला वेडी म्हणतील. शिवाय ट्रॅकपँट घालून पळताना नात्यातल्या कोणी ओळखू नये, हेही मनात होतंच. तेव्हाही नानांनी अशीच काठी आडवी केली होती.

"तोंड लपवायला काय चोर आहेस? सोड तो स्कार्फ. कशाची तयारी करतेस?"

"पोलीस भरतीची."

"मग? पोलीस कधी तोंड लपवतो का?"

तिला राग आला होता, आणि आठ दिवसांनी तो राग गेलाही होता. उघड्या तोंडाला पहाटेचा तलावावरचा वारा लागला आणि तिला वाटलं, म्हातारं बोललं ते काही खोटं नाही. तेव्हापासून ती उघड्या तोंडाने पळत होती. समोरून नाना आले की मान लववायची. नाना काठी उचलायचे. तीन वर्षं. आणि आज तेच नाना त्याच बोर्डापाशी तोंड बांधलं नाही म्हणून तिला गुन्हेगार करायला निघाले होते. बांधलं तरी चूक, सोडलं तरी चूक. पोरीच्या तोंडाचं करायचं काय ते एकदा ठरवा तरी!

"काय व्हयनं?" मागून डिंपलचा आवाज आला.

डिंपल चोपड्याकडची, इथे खोली घेऊन राहणारी. तिच्यामागे भूमिका, किरण आणि भरतीच्या क्लासातल्या आणखी तिघी होत्या. क्लास वर्षभर बंद होता, पण क्लासचे निळे टी-शर्ट अजून सगळ्यांच्या अंगावर होते. साक्षीने चार वाक्यांत सांगितलं.

"नाव सांगितलं का तू त्यांना?" किरणने विचारलं.

"त्यांनी विचारलंच नाही. कधीच."

फाटकाकडून नाना येताना दिसत होते, सोबत खाकीतली एक बाई होती. साक्षीने बॅग उघडली. गुन्हा व्हायचा तर होऊ दे, निदान तोंड नीट बांधलेलं असू दे, म्हणून तिने घरी जाताना बांधायचा स्कार्फ काढला. कपाळावरून घेतला, कानांवरून खाली आणला, नाकावरून फिरवला, मागे गाठ मारली. हात आपोआप चालतात तिथे.

गाठ मारून तिने वर पाहिलं तर डिंपलने स्वतःचा स्कार्फ झटकला होता. मग भूमिकाने. मग किरणने. शेवटच्या दोघींनी तर एकमेकींच्या गाठी आवळून दिल्या. मग सगळ्या एका रांगेत उभ्या राहिल्या. सात निळे टी-शर्ट, सात काळ्या पँटी, उंचीसुद्धा भरतीच्या अटीपेक्षा बोटभर वर, एवढीच सगळ्यांची. वर चौदा डोळे.

पोलीसबाई जवळ आल्या. छातीवर नाव होतं सुलक्षणा, आडनाव खिशाच्या पट्टीखाली गेलेलं. मास्क नाकापर्यंत नीट.

"कोण?" त्यांनी विचारलं.

नानांनी काठी उचलली आणि ती हवेतच राहिली.

"यातलीच आहे," ते म्हणाले. "पळत होती. तोंड उघडं टाकून. मी धरली तिला."

"नाव काय तिचं?"

"नाव..." नाना थांबले. "नाव नाही माहीत. पण रोज बघतो मी तिला. तीन वर्षं झाली. तोंडओळख आहे आमची."

"मग ओळखा."

नाना पुढे सरकले. ते अगदी पहिल्या मुलीच्या स्कार्फपर्यंत वाकले तसं सुलक्षणाबाईंनी हात आडवा केला.

"नाना, दोन हात लांबून. आणि ते वर घ्या आधी." त्यांनी स्वतःच्या हनुवटीला बोट लावून दाखवलं.

नानांनी मास्क नाकावर चढवला. एक श्वास, दोन श्वास, आणि त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. ते तसेच डिंपलसमोरून गेले. भूमिकासमोरून गेले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाफ. भूमिकाचे खांदे हलायला लागले होते. किरणने तिच्या पायावर पाय दिला.

"यांना तोंड सोडायला सांगा," नाना म्हणाले.

"काय सोडायला?"

"तोंड हो. स्कार्फ. त्याशिवाय ओळखू कसं?"

"मास्कची सक्ती आहे, नाना," सुलक्षणाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी सोडायला लावलं तर पहिला गुन्हा माझ्यावर."

नाना पुढे सरकले. साक्षी रांगेत पाचवी होती. तिच्यासमोर येऊन त्यांनी पुन्हा चष्मा काढला. मग त्यांची नजर खाली गेली, आणि साक्षीला एकदम आठवलं, की गुडघ्याचे खडे आपण झाडलेच नाहीत. काळ्या पँटीवर फक्कीचा पांढरा पट्टा होता, वर रक्ताचा ओला डाग.

नाना गुडघ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. तिने नजर खाली घातली नाही. पोलीस तोंड लपवत नाही हे यांनीच शिकवलं होतं. तोंड झाकलेलं होतं, पण डोळे होते की. विचारा, तिच्या मनात आलं. आत्ता तरी नाव विचारा. विचारलंत तर खरं सांगेन, बापाच्या नावासकट.

नानांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. काचा भरून आल्या.

"दिसत नाही मला," ते म्हणाले.

"नक्की?"

"दिसत नाही म्हटलं ना."

ते वळले आणि काठी टेकत कडुनिंबाकडे निघाले. चार पावलांवर मास्क परत हनुवटीखाली गेला.

डिंपल खुदकन हसली, मग बाकीच्याही हसल्या. साक्षीला हसू येईना. सुटका झाली होती, पण राग होता तिथेच होता. उपकार केल्यासारखे गेले. कसला उपकार? दोन-पन्नास गेले ते? तीन वर्षं स्वच्छ दिसत होतं तेव्हा नाव विचारलं नाही, आणि आज दिसत नाही म्हणून सोडून दिलं. माफी हवी होती कोणाला? तिने काय केलं होतं?

सुलक्षणाबाई मात्र अजून गेल्या नव्हत्या. त्या बोर्डासमोर उभ्या होत्या. त्यांनी नव्या फ्लेक्सचा खालचा कोपरा बोटाने उचलून जुनी अक्षरं वाचली.

"हा अजून आहे होय इथं? मी पळायचे तेव्हाचा." त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मागे न बघता त्यांनी विचारलं, "टायमिंग किती येतंय?"

कोणाला विचारलं ते सांगायची गरज नव्हती.

"दोन-छप्पन, मॅडम. आज कमी आलं असतं."

"कितीवर अडलं?"

"सहाशेला दोन-पाच."

सुलक्षणाबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "सव्वासहाला मंडळाचे बाकीचे लोक येतात. अजून पंधरा मिनिटं आहेत. गुडघा चालेल?"

साक्षीने मागे हात नेऊन स्कार्फची गाठ सोडली आणि तो डिंपलच्या हातात दिला. मास्क काढून मनगटावर बांधला. सहाशेपासून पुढे जायचं नव्हतं तिला. ती चालत पहिल्या रेघेपर्यंत गेली आणि पायाचा अंगठा बरोबर फक्कीच्या मागे ठेवला. दूर कडुनिंबाखाली नाना बाकावर बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये उभी धरून.

"मॅडम?" तिने विचारलं.

सुलक्षणाबाईंनी तलावाकडे तोंड केलं.

"पळ," त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या.