आत्याच्या नावाची मनीऑर्डर

गोदूआत्याचं पत्र प्रभाकरला आलं ते १९५० सालच्या गणपतीनंतर, आणि त्याचं उत्तर त्यानं कधी दिलं नाही. पत्र हरवलं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं. पण ते कपाटातल्या सगळ्यात जाड शब्दकोशात, शेवटच्या पानांत नीट घडी करून ठेवलेलं होतं. घरात दुसरं कुणी त्या शब्दकोशाला हात लावत नसे. त्यामुळे प्रभाकरही हळूहळू लावेनासा झाला, आणि एखाद्या शब्दाचा अर्थ अडला तर अडूच देऊ लागला.

आत्या नेहमी कार्ड लिहायची. हे मात्र पाकीट होतं, चारी बाजूंनी खळ लावून बंद केलेलं. आत मोठमोठ्या, एकमेकांना धरून न चालणाऱ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"चि. प्रभाकर यास अनेक आशीर्वाद. पाटल्यांचे मी विचारीत नाही. तुझी ओढाताण मला ठाऊक आहे. पण पेटी हलकी झाल्याचे घरात कळले आहे आणि बोलण्यात फरक पडला आहे. जमेल तर महिन्याला पाच रुपये माझ्या नावाने मनीऑर्डरीने पाठव. पाचाचे तीन झाले तरी चालतील. पोस्टमनने दारात माझे नाव घेतले म्हणजे पुरे. गोदूआत्या."

वडील गेले तेव्हा प्रभाकर अकरा वर्षांचा होता. आत्यानं त्याला कल्याणला नेलं, आणि पारनाक्याजवळच्या त्या घरात मॅट्रिकपर्यंत त्याचं जेवणखाण, फी, पुस्तकं सगळं तिनं पाहिलं. तेव्हा तिचे यजमान होते. ते गेल्यावर घर त्यांच्या पुतण्याकडे, सुधीरकडे आलं आणि आत्या मागच्या खोलीत गेली. तिच्याकडे एक पेटी होती आणि पेटीत चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या.

अठ्ठेचाळीस साली धाकट्या बहिणीचं, शुभदाचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी हुंडा मागितला नाही, पण मानपानाची यादी दिली, आणि ती हुंड्याहून लांब निघाली. आत्यानं पाटल्या काढून प्रभाकरच्या हातात ठेवल्या. मला आता कुठं घालायच्यात त्या, असं म्हणाली. त्याला ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं. विधवा बाईचं सोनं, पेटीतच पडून राहणार, वर्षभर सराफाच्या तिजोरीत पडलं तर काय बिघडलं, असा विचार त्यानं खरोखर केला होता. पुढे हा विचार आठवला की त्याला बसल्या जागी घाम फुटे.

त्यानं पाटल्या गहाण ठेवून अडीचशे रुपये घेतले. लग्न चांगलं झालं, विहीण खूष झाली.

आत्याचं पत्र आलं तेव्हा पाच रुपये पाठवणं अशक्य नव्हतं. त्याच महिन्यात त्यानं माजिवड्याला एका सहकाऱ्याच्या मुलाच्या मुंजीत पाच रुपये अहेर केला होता, तोही कचेरीतल्या सहदेवकडून उसने घेऊन. कमी अहेर केला तर चारचौघांत दिसलं असतं. आत्याला पाठवले नाहीत हे कुणाला दिसणार नव्हतं. शिवाय चार तोळे सोन्यापोटी पाचाची नोट पाठवायची म्हणजे तिची थट्टाच, असं त्याला वाटे. पाठवायच्या त्या पाटल्याच. सोडवून, पंच्यात बांधून, स्वतः जाऊन पायांशी ठेवायच्या. तोवर काय लिहायचं? नुसतं पत्र म्हणजे रिकाम्या हातानं दारात उभं राहणं.

तो ठाण्याच्या कोर्टात नकलनवीस होता. मुद्दल, व्याज, वादी, प्रतिवादी असे शब्द तो दिवसभर मोत्यासारख्या अक्षरात उतरवी. आत्याच्या पत्राच्या उत्तराचा मायना मात्र त्यानं अकरा वेळा लिहिला आणि अकरा वेळा फाडला. एक्कावन्न साली व्याज थकलं, सराफानं दोनदा निरोप पाठवला, आणि मग पाटल्या आटवल्या. त्यानंतर मायनाही लिहिणं थांबलं.

त्रेपन्न साली जांभळी नाक्यावरच्या वाण्यानं, पोपटशेटनं, प्रभाकरच्या बायकोला चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "वहिनी, वही भरली. नवी वही आणाल तेव्हा थोडे पैसेपण आणा."

सरोज पिशवी रिकामीच घेऊन घरी आली, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पाटावर ठेवलं आणि प्रभाकरला समोर बसवलं. कुणाचं किती द्यायचंय ते सांगा, म्हणाली. तो पुटपुटू लागला तेव्हा तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"मोठ्यानं सांगा. आकडा तोंडातल्या तोंडात ठेवलात म्हणून कमी होत नाही."

वाण्याचे चौऱ्याऐंशी, दूधवाल्याचे बावीस, पतपेढीचे एकशे नव्वद, सहदेवचे साठ, डॉक्टरांचे अठरा. प्रत्येक आकड्याला त्याचे कान लाल होत होते. सगळे सांगून झाल्यावर सरोजनं विचारलं, "आणखी?"

"नाही. एवढंच."

आत्याचे आकडे त्याच्या जिभेपर्यंत आले होते. पण ते देणं घरातलं, मायेचं. ते पतपेढीच्या रांगेत कसं बसवायचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं कारण साधं होतं. आत्या ओरडत नव्हती.

पुढची तीन वर्षं सरोजनं घर असं चालवलं की प्रभाकर चकित होऊन बघत राही. पगाराच्या दिवशी आधी देणी बाजूला निघत, उरेल त्यात महिना. उधारीची वही तिनं पोपटशेटकडेच ठेवून दिली. रोख पैसे घेऊन जायची आणि असतील तेवढ्याच पैशांचं आणायची, मग ते पावशेर गूळ का असेना. मोठ्या देण्याचा हप्ता जसा चुकायचा नाही तसा दूधवाल्याचा रुपयाही चुकायचा नाही. अहेर सव्वा रुपया आणि नारळ, घर कुणाचंही असो. असा अहेर केला त्या पहिल्याच लग्नात तिची जाऊ तिला म्हणाली, नारळ तरी सबंध दिलास हो. सरोज हसली आणि पंगतीला बसली. प्रभाकर मात्र पानातला भात नुसता चिवडत राहिला. हातात पैसे नसताना असल्यासारखं वागायची त्याची सवय इतकी जुनी होती, की ती मोडताना कर्ज फिटण्याहून जास्त दुखलं. त्याचं जुनी पुस्तकं विकत घेणंही बंद झालं. ते सरोजनं सांगितलं नव्हतं. त्यानंच सोडलं, आणि कुणाला बोलला नाही.

छप्पन सालच्या जुलैच्या पगाराला पतपेढीचा शेवटचा हप्ता फिटला. सरोजनं कॅलेंडरच्या पानावर शेवटची रेघ मारली, देवापुढे साखर ठेवली आणि पाचाची नोट त्याच्यापुढे धरली.

"पुस्तक आणा एखादं. तीन वर्षांत मागितलं नाहीत."

प्रभाकर नोट हातात घेऊन नुसता उभा राहिला. मग कपाटापाशी गेला, शब्दकोश काढला आणि पत्र तिच्या हातात दिलं. स्वतः खिडकीकडे तोंड करून बसला.

सरोजनं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. तारीख पाहिली. त्यानं पाटल्यांचं सगळं सांगितलं, आटवल्याचंही, तुटक तुटक, खिडकीशी बोलल्यासारखं. गेल्या वैशाखात डोंबिवलीच्या लग्नात सुधीरची बायको भेटली होती, हेही सांगितलं. आत्या अजून आहे, डोळ्यांना कमी दिसतं, मागच्या खोलीतून फारशी बाहेर येत नाही, कुणी हाक मारत नाही आणि तीही कुणाला मारत नाही, एवढं तिच्याकडून कळलं होतं.

"मी त्या दिवशी 'आणखी' म्हणून विचारलं होतं," सरोज म्हणाली.

"हो."

"त्यांचं सगळ्यात वर लिहिलं असतं मी. पाच रुपये, अहो. दूधवाल्याला आपण दर महिन्याला देत होतो."

तो म्हणाला, उद्या कल्याणला जाऊन येतो, पाय धरतो.

"जाल. मीपण येईन. पण आधी हे. त्यांनी तुम्हाला नाही बोलावलं, पोस्टमनला बोलावलंय."

कॅलेंडरचं पान तिनं टाकलं नाही. रेघेखाली लिहिलं, गोदूआत्या, अडीचशे. प्रभाकरनं पेन्सिल मागून घेतली, अडीचशे खोडून चार तोळ्यांचा आजच्या भावानं हिशेब मांडला आणि आकडा मोठ्यानं वाचला. महिना पाच धरले तर किती वर्षं लागतील तेही त्याला दिसलं. आत्या साठीच्या पुढची होती. सरोजनं पाचाचे दहा केले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात जाताना तो पोस्टात थांबला. मनीऑर्डरच्या फॉर्मवर पत्ता लिहिताना त्यानं "सुधीर यांजकडे" असं न लिहिता आधी आत्याचं पूर्ण नाव लिहिलं, एरवी हुकूमनाम्यावर लिहीत असे तसल्या ठळक अक्षरात. खालच्या कुपनावर मजकुराला जागा बोटभरच असते. सहा वर्षं डोक्यात घोळवलेल्या मायन्यातलं काहीच त्यात मावणार नव्हतं. त्यानं लिहिलं:

"ती. गोदूआत्यास साष्टांग नमस्कार. पाटल्या गेल्या. माझ्या हातून गेल्या. उत्तरही दिले नाही. दर महिन्याला दहा येतील, पहिल्या आठवड्यात. प्रभाकर."

खिडकीतल्या कारकुनानं नोटा मोजल्या, कमिशनचे आणे घेतले आणि नाव नीट लागावं म्हणून वाचून दाखवलं. प्रभाकरनं त्याला ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग शिक्का बसला, कारकुनानं पावती फाडून दिली आणि फॉर्म मागच्या गठ्ठ्यात टाकला.