उभा एक्सरे, आडवा एक्सरे

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. काठी टेकत आलेली एक बाई काठीशिवाय मंचाच्या चार पायऱ्या चढून गेली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावर तिच्या गुडघ्याचे दोन एक्सरे झळकले. पहिल्यात हाडाला हाड भिडलेलं. दुसऱ्यात मध्ये स्पष्ट फट.

"ही फट म्हणजे नवी कूर्चा! हाडांमधली गादी!" पेशीवाले डॉक्टर गरजले. "आम्ही पेशीच्या कानात जनुकाचा मंत्र सांगतो, बाई गं, विणायला घे! की ती बसलीच विणायला. मी कोण? नुसता निरोप्या!"

निरोप्याच्या सुईसाठी दोन महिन्यांची रांग होती.

ते एक्सरे काढणारी बाई भिंतीला टेकून उभी होती. दवाखान्याचा नियम तिला पाठ होता: पहिला एक्सरे रोग्याला उभं करून, नंतरचा झोपवून. "दुखऱ्या माणसाला कशाला ताटकळत ठेवायचं?" असं डॉक्टर म्हणत. आधी तिला ती माया वाटली. मग खरं काय ते उमगलं. पण माणसं चालताना दिसत होती, नोकरीही हवी होती. तिने तोंडाला कुलूप घातलं.

तिची वहिनी दिवसभर शिलाई मशीनचं पायडल मारायची. तिने नणंदेला न विचारताच दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शनं घेतली. "तू तिथे आहेस म्हटल्यावर चौकशी कसली करायची?" ती हसत म्हणाली. आठवडाभर ती खरंच भिंगरीसारखी फिरली. दुसऱ्या खेपेनंतर चारच दिवसांत मात्र मशीनवरच कोसळली. इस्पितळात साखर मोजली तर आभाळाला भिडलेली.

"स्टेरॉइडने साखर अशी चढते. टोचलंय का कुणी?" तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

एक्सरेवालीने दवाखान्याची कचऱ्याची बादली उपसली. रिकाम्या कुप्यांवर लिहिलेलं होतं: सुजेवरचं साधं स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध. पेशींचा पत्ताच नव्हता.

पुढच्या सभेत ती सरळ मंचावर चढली आणि तिने दोन एक्सरे लावले.

"डॉक्टर, यातला उपचारानंतरचा कोणता?"

"शेंबडं पोरही सांगेल! हा, फटवाला."

"दोन्ही एकाच गुडघ्याचे, आज सकाळचे आहेत. दहा मिनिटांच्या अंतराने काढलेले, मध्ये काहीही न टोचता. एक उभा, एक आडवा. उभं राहिलं की अंगाचा भार पडून फट मिटते, झोपलं की उघडते. कूर्चा एक्सरेत दिसतच नाही."

"मशीन बिघडलंय हिचं!" डॉक्टर ओरडले. तिने कुप्या समोर ठेवल्या आणि त्यांच्यावरची नावं मोठ्याने वाचली.

एक आजोबा चिडून उठले. "मला बरं वाटतंय, त्याचं काय?"

"वाटतंय ना, आजोबा. सूज उतरली, दुखणं दबलं. गादी होती तेवढीच आहे. पुन्हा पुन्हा टोचलं तर तीही झिजेल."

पहिल्या रांगेतून वहिनीने हळूच विचारलं, "तुला ठाऊक होतं?"



"होतं," ती म्हणाली. तिला वर बघवेना. "पेशींवर, जनुकांवर खरं संशोधन चाललंय. पण खरा संशोधक टाळ्या मागत नाही, तपासा म्हणतो. कुपीत काय आहे, कशावर पारखलंय, कुणाला अपाय झाला, हे विचारा. डॉक्टरला विचारा, मलाही विचारा. ओळखीचं माणूस आत आहे म्हणून गप्प बसू नका. ते माणूसही गप्प बसलेलं असू शकतं."