सोमलाच्या सोबतीचे सोने

मित्रांनो, कट्टा गावच्या फॉस्टिनच्या पडवीत खुंटीला टांगलेली मी एक जुनी चाळण. पिठासाठी माझी घडण झाली नाही. सोन्याचा माग काढण्यासाठी झाली. कारागिराने लाकडी कडेवर नायलॉनची जाळी ताणून बसवली. तार त्याने कटाक्षाने टाळली, कारण धातूचा कण मातीत मिसळला तर प्रयोगशाळेची फसगत होते.

माझी मालकीण भूवैज्ञानिक पद्मावती. ती फॉस्टिनच्याच घरी उतरली होती. तो माती खणी, मी चाळी, आणि पिशव्या प्रयोगशाळेत जात. डोंगरमाथ्यावर एके ठिकाणी काळा कातळ विटून फिकट, रेशमासारखा मऊ झाला होता. त्यावर हात ठेवताच पद्मावतीचे डोळे लकाकले.

"फॉस्टिनकाका, कोट्यवधी वर्षांपूर्वी या भेगांतून उकळते पाणी वर आले. त्याने कातळाचे रूप पालटले. असे पाणी सोने आणते, आणि बरोबर सोमलही."

"म्हणजे सोन्याक सोबत इखाची!" फॉस्टिन हसला.

यंत्राने खोल छिद्र पाडण्याची मुभा कंपनीने एकाच जागी दिली होती. तेथे काही न लाभल्यास काम बंद. पहिला अहवाल आला तो पायथ्याच्या मातीचा. माथ्याची माती अजून चाळायची होती. पायथ्याला सोने भरपूर! फॉस्टिन अंगणातूनच ओरडला, "मॅडम, सोना गावला!" यंत्र तिथेच लावा, असा कंपनीच्या साहेबांचाही फोन आला.

आनंदाने माझी जाळी थरथरली. पद्मावती मात्र अहवालाकडे पाहत राहिली. "सोने आहे, पण सोमल औषधालाही नाही. आणि तिथला कातळ जसाच्या तसा काळा. मग हे सोने आले कोणत्या वाटेने?"

तेव्हा फॉस्टिनची बायको लुईझा दारात येऊन उभी राहिली. "बाय गो, एक सांगू? फेस्ताच्या सणाक घालूची म्हणान माझी सोन्याची काकणा मीच ह्या चाळणीत घासून धुतलंय. कानातली बारकी कुडी मोरीत व्हावान जाता म्हणान..."

"आता तुझ्या काकणांचीच खाण काढूया!" फॉस्टिनने टोमणा मारला. लुईझाचा चेहरा उतरला.

पद्मावतीने तिचा हात धरला. "काकी, बरे झाले सांगितलेत. यंत्र भलत्याच जागी बसले असते."

तिने साहेबांना निकाल रद्द समजायला सांगितले. काम त्याच क्षणी बंद होऊ शकले असते. पण उत्तर आले, "माथ्याची माती पाठवा. शेवटचीच."

लुईझाने मला ब्रशने घासघासून धुतले. पद्मावतीने माझ्यातून निर्मळ वाळू चाळून तपासून घेतली. मी निष्कलंक ठरले, तेव्हाच माथ्याची माती माझ्या अंगावर पडली. काय तो उल्हास!

अहवाल उघडताना तिघांची डोकी एकत्र आली. विटलेल्या कातळाकडे जावे तसा सोमल चढत होता, आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकत सोनेही! पायथ्याइतके नव्हे, थोडेच.

"ह्या सोना खरा!" लुईझाने टाळी वाजवली. यंत्र माथ्यावर चढले.

यंत्र आले आणि माझे काम सरले; खोलात काय आहे ते आता तेच सांगेल. मित्रांनो, ज्ञानाचे साधन भलत्या कामाला लावू नका; वापरून झाले की स्वच्छ करा. माती खोटे बोलत नाही, पण तिच्या मुखी आपलाच मळ गेला तर ती तरी काय करील? पलीकडच्या डोंगरावरही कातळ विटलेला आहे, असे पद्मावती काल म्हणाली. माझी जाळी अजून ताठ आहे. मला धुवा, आणि तिकडे न्या.